विट्याचा बाजार आणि आईचे इरकली लुगडे

पुतणीच्या लग्नाचा बस्ता विट्यात बांधायचा असे घरात ठरले, तेव्हा मला थोडे हसूच आले. कृषी खात्याच्या नोकरीत मी या गावात सहा वर्षे काढली आहेत. डाळिंबावरचा तेल्या, माती परीक्षणाच्या पिशव्या, पीक विम्याचे अर्ज आणि टेंभूचे पाणी कोणत्या गावाला कधी पोहोचणार याची चौकशी, यातच दिवस मावळायचा. इतक्या वर्षांत कापडाच्या दुकानाची पायरी मी दोन वेळाही चढलो नसेन. म्हणून या खेपेला बायकांच्या मागून पिशव्या धरून हिंडलो आणि विटे गाव नव्याने पाहिले.

ज्यांनी विटे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. तालुका खानापूर, पण कचेरी विट्याला. हा मुलूख पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. जमीन माळाची, पाऊस बेभरवशाचा. जवळच रेणावीला रेवणसिद्धाचे ठाणे आहे आणि दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत लागते, ती पाहायला माणूस लोटतो. एरवी गावात शिरताना गावाच्या आधी आवाज भेटतो. पत्र्याच्या शेडमधून यंत्रमाग खडखडत असतात. नव्या माणसाला बोललेले ऐकू येत नाही, विटेकरांना मात्र माग थांबले की झोप येत नाही म्हणतात. या मागांवर बहुतेक करून साधे कोरे कापड निघते. एक ताणा, एक बाणा, खाली-वर, खाली-वर. रंगाला आणि छपाईला ते बाहेरगावी जाते, आणि तेच कापड वेगळ्या नावाने पुन्हा आपल्या अंगावर येते.

विट्याची दुसरी ओळख विट्यात दिसत नाही. ती पाहायला केरळात जा, पंजाबात जा, नाहीतर बंगालात जा. तिथल्या सराफ बाजाराच्या बोळात सोने-चांदी गाळणाऱ्याचे दुकान शोधा आणि मराठीत हाक मारा. मालक विट्याकडचा, आटपाडीकडचा, तासगावकडचा किंवा कवठे महांकाळकडचा निघण्याचा संभव फार. गलाईवाले म्हणतात त्यांना. माळरानात पोट भरेना म्हणून कुणी एक गेला, त्याने भावाला नेले, भावाने मेव्हण्याला नेले. आज दुष्काळी गावांतून जे दुमजली बंगले दिसतात, त्यांतल्या पुष्कळांचा पाया दूरच्या मुशीत आटलेला आहे. या गलाईचा आणि कापडाचा काय संबंध, ते पुढे येईलच.

दुकानात गेलो. पुतणीने आधीच मोबाईलवर चित्रे धरून ठेवली होती. तिला हवी होती खणाची नऊवारी, तीही शिवून तयार, आणि पदरावर मोठी नथ कशिद्याने काढलेली. दुकानदाराने तसल्या दहा-बारा गादीवर टाकल्या. जांभळी, मोरपंखी, हळदी. एकीच्या पदरावर नथ, दुसरीवर चंद्रकोर, तिसरीवर मोर. रंग डोळ्यांत भरणारे होते यात शंका नाही. "ऐतिहासिक डिझाइन हाय, अण्णा," तो म्हणाला, "आणि शंभर टक्के हातमाग."

इतिहासाचे हे खूळ कुठून आले म्हणाल, तर २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' चित्रपट लागला आणि त्यानंतर 'पेशवाई', 'मस्तानी' अशा नावांचा माल दुकानादुकानांत आला. पण खण पेशव्यांपेक्षा आपल्या जास्त जवळचा आहे. देवीची ओटी भरायची तर खण आणि नारळ, लेक सासरी निघाली तर खण, सवाष्ण घरी आली तर खण. हे कापड येते गुळेदगुड्डहून. तो गाव पूर्वीच्या विजापूर आणि आताच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. अरुंद पन्ह्याचा तुकडा, चोळीपुरता, रेशीम आणि सूत मिसळून विणलेला, अंगभर बारीक नक्षी आणि दोन्ही बाजूंना काठ. त्याच जिल्ह्यातल्या इळकलहून इरकली लुगडे यायचे. सांगली-साताऱ्याकडच्या आपल्या आयाबाया एकाच वेळी या दोन गावांना अंगावर घेऊन शेतात खुरपत होत्या.

खण हा मुळात चोळीचा तुकडा. त्याची नऊ वार साडी करायची तर पन्हा मोठा लागतो, आणि तो मोठा केला यंत्रमागाने. मी दुकानदाराला म्हटले, "दशीतला एक दोरा काढू का?" त्याने हसत मान डोलावली. दुकानाबाहेर जाऊन काडी ओढली. दोरा आक्रसला, काळा धूर आला आणि टोकाला मण्यासारखी टणक गाठ राहिली. म्हणजे पॉलिस्टर. सूत असते तर कागदासारखे जळून हलकी राख झाली असती, रेशीम असते तर केस जळाल्याचा वास आला असता. मग पदर उलटा केला. नथीच्या मागे पांढऱ्या दोऱ्याचे जाळे आणि कडक अस्तर चिकटवलेले. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने ती नथ काही मिनिटांत काढलेली असणार.

यात वाईट काही नाही, हेही सांगून टाकतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला भावाच्या लग्नात असली साडी नेसता येते, धुतली तर रंग जात नाही, इस्त्री लागत नाही. हातमागाची किंमत तिला परवडली नसती. माझी तक्रार एवढीच की यंत्रमागाच्या साडीला हातमागाचे नाव देऊन हातमागाचे पैसे मागू नयेत. आपण बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचतो, तसे कापडाचेही वाचावे. आणि लेबल नसेल तर उलटी बाजू वाचावी.

उलटी बाजू पाहायची खोड माझी नव्हे, आईची. ती आता ऐंशीच्या घरात आहे. तिचे माहेर जत तालुक्याच्या पूर्वेला, विजापूरच्या वाटेवर. तिकडे निम्मे बोलणे कानडीत चालते. कोणतेही कापड हातात आले की ती आधी पालथे करते. लहानपणी मला वाटायचे, म्हातारी काहीतरी डाग शोधते.

तिच्या पेटीत दोन मोलाची लुगडी होती. एक शालू, जरीचा, माझ्या आजीकडून आलेला. दुसरे काळे इरकली, लाल पदराचे, त्यावर तिने आणि तिच्या मावशीने मिळून काढलेली कसुती. शालू मी पाहिल्याचे मला आठवत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. वडील खडी फोडायला जात होते, घरात तांबड्या मिलोच्या भाकरी होत्या आणि दावणीला एकच बैल उरला होता. त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून 'जुनी जर, जरीची लुगडी' अशी आरोळी देत माणसे हिंडत. आईने शालू काढून दिला. त्याने काठ आणि पदर तेवढा बोटांनी चाचपला, काट्यावर टाकला आणि वजनावर पैसे दिले. त्या पैशात बैलाला वैरण आली. इरकली लुगडेही तिने पुढे केले होते. तो म्हणाला, "ह्यात काय न्हाई, बाई. नुसता दोराच हाय."

त्या शालूचे पुढे काय झाले असेल, हे मला विट्यातच कळले. बस्ता अर्धा झाला होता. चहाला एका ओळखीच्या घरी बसलो. यजमान चाळीस वर्षे दक्षिणेत गलाईचे दुकान चालवून आता मुलाच्या हाती देऊन परतले आहेत. हातांच्या नखांवर तेजाबाचे पिवळे डाग अजून आहेत. मी विचारले, जुनी जर तुमच्याकडे यायची का?

"पोत्यानं यायची," ते म्हणाले. "आधी जाळायची. रेशीम जळून जातं, जर ऱ्हाती. ती राख धुवायची, टाकणखार घालून मुशीत आटवायची. चांदीची लगड निघती. सोनं बघायचं आसंल तर तेजाबात टाकायची. चांदी पाण्यावाणी इरघळती, सोनं तळाला बसतं, काळपट भुकटी. मग त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी परत येती."

"सोने किती निघायचे?"

"लई थोडं. वरचा मुलामाच की त्यो. समदी कमाई चांदीची."

खरी जर म्हणजे काय, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जुन्या पद्धतीत चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवत. ती कांब जंत्रीच्या बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढत ओढत केसासारखी तार करत, मग ती तार ठोकून चपटी करत आणि रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळत. हीच कलाबूत. पैठणीचा पदर या कलाबुतीवर उभा असायचा. आजची बहुतेक जर सुरतेहून येते. तिच्यात खरी चांदीची असते, तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेलीही असते आणि सर्वांत स्वस्त म्हणजे प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची. ही शेवटची मुशीत घातली तर दुर्गंधीशिवाय हाती काही लागत नाही.

म्हणजे आपल्या आज्यांनी नेसलेली उत्तम वस्त्रे नेमकी का नाहीशी झाली, याचे उत्तर त्या चहाच्या कपापाशी मिळाले. ती कुजली नाहीत, कसरीनेही खाल्ली नाहीत. दुष्काळात, आजारपणात, लेकीच्या लग्नात ती वजनावर विकली गेली आणि मुशीत गेली. कारागिराने विणलेले मोर, कमळे आणि वेली यांना वजन नव्हते. यजमान माणूस सरळ. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "एकदा एक पदर आला हुता. जाळायला हात झाला न्हाई. दोन म्हैने ठेवला. मग जाळला. धंदा हुता."

मी त्यांना दोष देत नाही. माझ्या घरचा बैल त्यावर जगला आहे.

घरी आल्यावर पुतणीने निराळाच विषय काढला. दुकानातली साडी तिने घेतली होती, हळदीला. लग्नाला मात्र तिला आजीचे इरकली हवे होते. नेसायला नव्हे, ते नेसण्याजोगे उरलेले नाही. घडीवर सूत विरले आहे, हात लावला की फाटते. तिला त्याचा पदर कापून चोळीच्या बाह्या आणि पाठ करून घ्यायची होती. मी रागावलो. पन्नास वर्षे दुष्काळातून वाचलेली वस्तू कात्रीखाली घालायची? आवाज चढला. आई भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "काप म्हणावं की. पेटीत ठिवून कुणाला दावायचंय? फकस्त कापायच्या आदी मोजून घ्या."

मोजून घ्या, म्हणजे काय ते सांगितले पाहिजे.

कसुती हे धारवाड, विजापूर, बेळगावकडचे भरतकाम. शब्द कानडी आहे. कै म्हणजे हात आणि सूत तर आपलेच. त्याला छाप नसतो, पेन्सिलीची रेघ नसते, चौकट लावत नाहीत. कापडाचे ताणे-बाणे मोजायचे आणि मोजलेल्या दोऱ्यांवर सुई घालायची. टाके चार. गावंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे मेथीदाण्यासारखी बारीक फुली. नेयगी विणल्यासारखी दिसते. पण खरी गंमत गावंतीत. जाताना एक टाका वर, एक खाली असे करत जायचे आणि परत येताना राहिलेल्या जागा भरायच्या. आपण सरी आड सरी पाणी देतो ना, पहिल्या पाळीला एक सोडून एक आणि पुढच्या पाळीला राहिलेल्या, तसेच. मुरगीही याच चालीची, पण पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी. या दोन टाक्यांत काम नीट झाले तर कापडाची सुलटी आणि उलटी बाजू सारखीच दिसते. गाठ कुठेच मारायची नाही. मात्र त्यासाठी सुई कुठून निघून कुठे वळेल आणि परत सुरुवातीला कशी येईल, याचा हिशेब बाईच्या डोक्यात आधी तयार हवा. वाटेत चुकली की परतीची वाट बंद.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांनी हा हिशेब केला आहे. आमच्या लुगड्याच्या पदरावर गोपूर आहे, रथ आहे, तुळशीवृंदावन आहे आणि सोंड वर केलेल्या हत्तींची रांग आहे. इरकली लुगड्याची घडणही पाहण्याजोगी. अंगाचा ताणा सुताचा आणि पदराचा ताणा वेगळा, रेशमी. विणकर हे दोन ताणे मागावरच फासे घालून एकमेकांत अडकवतो आणि मग पुढे विणतो. आईने तो सांधा बोटाने दाखवेपर्यंत तो सांधा आहे हे मला दिसले नव्हते.

तर कापण्याआधी ते सगळे मोजायचे ठरले. माझ्याकडे पावसाचे आलेख काढायला आणलेले चौकटीचे कागद होते. पुतणी भिंग घेऊन बसली, मी कागद धरला. एक टाका चार दोऱ्यांचा, म्हणून एक टाका बरोबर एक चौकट. हत्तीला दोन संध्याकाळी लागल्या. गोपुराच्या कळसाशी आमचा हिशेब तीनदा चुकला. आईला आता नीट दिसत नाही. तिने पदर मांडीवर घेतला, बोट फिरवले आणि म्हणाली, "हितं एक टाका मावशीनं चुकवलाय. म्हणून जुळंना. तुमी चुकवू नका." साठ वर्षांपूर्वीची चूक तिच्या बोटाला ठाऊक होती.

मध्येच एका रविवारी पुतणीला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन औंधला जाऊन आलो. विट्याहून फार लांब नाही. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय आहे. ते १९३८ साली सुरू झाले. एका लहान संस्थानाच्या राजाने, जो स्वतः चित्रे काढत असे, इतका ठेवा एका खेडेगावाच्या डोंगरावर ठेवावा, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. पोरींना तिथे न्यायचे कारण राजा रविवर्म्याची चित्रे. रविवर्म्याने पुराणातल्या स्त्रिया रंगवताना त्यांतल्या कितीतरी जणींना आपल्याकडची नऊवारी नेसवली. पुढे १८९४ साली त्याने मुंबईला छापखाना काढला आणि जरीकाठाच्या साडीतली लक्ष्मी-सरस्वती घराघरांच्या भिंतीवर गेली. आपल्या देवघरात जी आहे ती तीच. पोरी चित्रांपुढे बराच वेळ उभ्या होत्या. 'ऐतिहासिक' म्हणून दुकानात जे मिळते त्यात आणि या चित्रांत काय फरक, असे मी विचारले. पुतणी म्हणाली, "हिच्या साडीला वजन आहे, काका. निऱ्या खाली पडतात. आमची फुगते." मला हे सुचले नसते.

राहता राहिला प्रश्न सरावाचा. जुन्या पदरावर हात बसवता येत नाही आणि दुकानातल्या गुळगुळीत कापडाचे दोरे मोजता येत नाहीत. तेव्हा विट्याचा माग कामाला आला. मागाच्या शेडमध्ये एका ओळखीच्या कारखानदाराकडून चार मीटर जाडसर कोरे कापड घेतले. खाली-वर, खाली-वर अशी साधी वीण, दोन्हीकडे जवळपास सारखे दोरे. धुऊन खळ काढली की दोरे मोकळे दिसतात. कसुती शिकायला याहून सोपे कापड शोधायला नको. विट्याच्या आसपासच्या गावांत मुली बचत गटातून शिवण शिकतात. त्यांनी हे करून पाहावे असे मला वाटते. एक इशारा मात्र देतो. हे काम वेळखाऊ आहे, रोजगार ठरवताना टाक्यांचे तास मांडा, नाहीतर यंत्राच्या नथीच्या भावात हाताचा हत्ती विकून बसाल.

पेटीत जुने वस्त्र असेल त्यांना आणखी थोडे. प्लास्टिकच्या पिशवीतून ते आधी बाहेर काढा, आत ओल धरते आणि जर काळी पडते. जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा. वर्षातून दोनदा सावलीत वारा द्या, उन्हात नको. घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडा, आमचे लुगडे विरले ते एकाच घडीने. कडुलिंबाचा वाळला पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावा. डांबराच्या गोळ्या ठेवल्याच तर जरीला लागू देऊ नका.

लग्न वैशाखात आहे. पदर अजून कापलेला नाही. पुतणीने आधी विट्याच्या कापडावर एक पूर्ण हत्ती काढून दाखवायचा आणि मग कात्रीला हात लावायचा, अशी आईची अट आहे. पहिला हत्ती झाला तेव्हा ती मोठ्या उमेदीने घेऊन आली. आईने कापड हातात घेतले, पाहिले नाही, पालथे केले आणि अंगठ्याने चाचपले. पोटाशी एक गाठ लागली. कापड तिच्या हातात परत देऊन म्हणाली, "उसव."

सध्या दुसरा हत्ती चालू आहे. सोंडेपर्यंत आला आहे.